हंस, हत्ती आणि श्लेष

साल्व्हादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराने १९३७ साली रंगविलेल्या ‘हत्ती प्रतिबिंबित करणारे हंस’ या चित्राचे वर्णन करणे फार सोपे आहे, आणि त्याविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळही तेथेच आहे. एक तळे, तळ्यात तीन हंस, हंसांच्या मागे पर्णहीन, वाकडीतिकडी झाडे. या सर्वांचे प्रतिबिंब पाण्यात पडले आहे. परंतु दृष्टी काठावरून पाण्याकडे उतरली की तेथे हंस सापडत नाहीत, हत्ती सापडतात. हंसाची मान सोंड झालेली असते, पंख कान झालेले असतात आणि झाडांचे बुंधे हत्तींच्या अंगाला व पायांना उपयोगी पडलेले असतात. भोवती कॅटलोनियातील खडकाळ प्रदेश तांबूस-पिवळ्या, जळजळीत रंगांत उभा आहे. डाव्या अंगाला एक मनुष्य तळ्याकडे पाठ फिरविल्यासारखा उभा आहे. एवढे सांगितले की चित्र कळले असे ऐकणाऱ्याला वाटते. वस्तुतः त्याला चित्रातील युक्ती कळलेली असते. युक्ती आणि चित्र यांच्यात अंतर आहे की नाही, आणि असल्यास ते कोठे आहे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

अतिवास्तववादी चित्रकलेविषयी आपल्याकडे दोन मते विशेष प्रचलित आहेत. पहिले मत असे की, हा युद्धोत्तर युरोपच्या मनोविकृतीचा आविष्कार असून भारतीय रसिकाला त्याच्याशी कर्तव्य नाही. दुसरे याच्या नेमके उलट, आणि म्हणूनच त्याच्याइतकेच आळशी: हे सारे आपल्याकडे पूर्वीच होते, देवळांच्या भिंतींवर पाहा, चित्रकाव्यात पाहा. या दोन्ही मतांची परीक्षा करण्यास दालीचे हे चित्र विशेष सोयीचे आहे. एक तर त्यातील द्विप्रतिमा अगदी उघड आहे. दुसरे असे की, हीच द्विप्रतिमा पुढे तीस वर्षांनी एका भारतीय संस्थेच्या सांगण्यावरून चित्रकाराने पुन्हा घडविली, आणि ती चित्र म्हणून नव्हे, तर सिगारेटची राख झाडण्याचे पात्र म्हणून.

द्विप्रतिमेची कल्पना दालीने १९३० सालच्या ‘कुजलेले गाढव’ या लेखात मांडली होती. एखाद्या वस्तूच्या आकारात काडीचाही फेरफार न करता तीच आकृती दुसऱ्या, सर्वस्वी भिन्न वस्तूची प्रतिमा व्हावी, ही ती कल्पना होय. यामागे त्याने जी पद्धती सांगितली तिला मराठीत ‘विभ्रम-चिकित्सक पद्धती’ म्हणता येईल. विभ्रमाने ग्रासलेला मनुष्य जगातील प्रत्येक खुणेत आपल्या ध्यासाचाच पुरावा वाचतो. चित्रकाराने ही वाचण्याची शक्ती हेतुपुरस्सर जागी करावी आणि जे दिसेल ते अत्यंत घोटीव, अचूक रेखाटनाने स्थिर करावे. १९३७ सालीच त्याने ‘नार्सिससचे रूपांतर’ हे दुसरे द्विप्रतिमाचित्र रंगविले. जुलै १९३८ मध्ये लंडन येथे श्टेफान त्स्वाइग याच्या मध्यस्थीने तो वृद्ध फ्रॉइडला भेटला तेव्हा तेच चित्र त्याने सोबत नेले होते. तोवर अतिवास्तववाद्यांना मूर्खांत काढणाऱ्या फ्रॉइडने या तरुण स्पॅनिश माणसामुळे आपल्याला फेरविचार करावा लागेल, अशा आशयाचे पत्र त्स्वाइगला लिहिले. फ्रॉइडवर परिणाम झाला तो दालीच्या तंत्रावरील असामान्य प्रभुत्वाचाही, ही गोष्ट दालीचे भक्त सहसा सांगत नाहीत.

तथापि ही युक्ती दालीने शून्यातून काढली असे मानण्याचे कारण नाही. एका बाजूने बदक व दुसऱ्या बाजूने ससा दिसणारे जे रेखाचित्र पुढे मानसशास्त्रज्ञांनी व विट्गेनश्टाइनसारख्या तत्त्वज्ञाने विचारार्थ घेतले, ते प्रथम १८९२ साली म्यूनिकच्या ‘फ्लीगेंडे ब्लेटर’ या विनोदी साप्ताहिकात आले होते. म्हणजे लोकांच्या करमणुकीची वस्तू दालीने उचलली, तिला ध्यासाचे गांभीर्य दिले, आणि लोकांनी ती पुन्हा आपल्याकडे नेली. उच्च कलेचा ‘प्रभाव’ खाली लोकाभिरुचीवर झिरपतो, असे जे चित्र समीक्षेत वारंवार रंगविले जाते ते येथे तरी खोटे ठरते.

लोकांनी ते नेले, आणि दालीनेही सढळ हाताने दिले. हिचकॉकच्या १९४५ सालच्या ‘स्पेलबाउंड’ या चित्रपटातील स्वप्नदृश्य त्याचे. डिस्नेसाठी त्याने सुरू केलेला ‘देस्तीनो’ हा लघुपट २००३ साली, त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी पुरा झाला. चुपा चुप्स या गोळ्यांच्या वेष्टणावरील फुलासारखे बोधचिन्ह त्याने १९६९ साली काढून दिले. ‘स्मृतीचे सातत्य’ (१९३१) या चित्रातील वितळलेली घड्याळे तर आता फडताळाच्या कडेवरून लोंबणारी खरी घड्याळे होऊन दुकानांत मिळतात. मूळ चित्र जेमतेम २४ सेंटिमीटर उंच व ३३ सेंटिमीटर रुंद आहे, हे ती घेणाऱ्याच्या ध्यानीही येत नसेल. अतिवास्तववाद्यांचा अध्वर्यू आंद्रे ब्रतों याने या व्यापारीपणाला वैतागून दालीच्या नावातीलच अक्षरे उलटसुलट करून ‘अविदा डॉलर्स’, म्हणजे डॉलरांचा हावरा, असे त्याचे नामकरण केले. उपहासासाठी ब्रतोंनेही अक्षरांची फिरवाफिरव करणाऱ्या चित्रकाव्याचाच आश्रय केला, ही मौज येथे नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

एअर इंडियाचे रक्षापात्र हे १९६७ सालचे. त्या काळी मुंबईत मुख्य कचेरी असलेली ही संस्था कलेच्या बाबतीत रसिक होती. १९५० नंतरच्या दशकापासून ती भारतीय चित्रकारांची चित्रे विकत घेत होती. दालीने तिला जे पात्र करून दिले त्याच्या मध्यभागी शिंपल्याचा आकार, कडेने वेटोळे घातलेला सर्प, आणि खाली आधाराला हंस व हत्ती. हंसाचा आधार उलटा धरला की हत्तीचे मस्तक, हत्तीचे उलटे धरले की हंस. पात्रे सुमारे पाचशे निघाली आणि पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट म्हणून दिली गेली. मोबदला म्हणून दालीने पैसे न मागता हत्तीचे पिलू मागितले. दोन वर्षांचे पिलू बंगलोरहून जिनीव्हाला विमानाने आणि तेथून खुष्कीने स्पेनमधील कादाकेस या गावी पोचविण्यात आले. ही कथा आजवर अनेकदा सांगितली गेली आहे, आणि सांगताना सर्वांचे लक्ष त्या पिलाकडे असते. मूळ चित्रातील पाण्याचे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

तो प्रश्न विचारण्यासाठी मद्रास, म्हणजेच १९९६ नंतरचे चेन्नई, येथे जाणे इष्ट आहे. एअर इंडियाचा ज्या टपालसेवेतून जन्म झाला तिचा पहिला मार्ग १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीस सुरू झाला. मुंबईपर्यंत विमान जे. आर. डी. टाटांनी आणले, तेथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेळ्ळारीमार्गे नेले, आणि मार्गाचे दक्षिणेकडील टोक मद्रास होते. योगायोगापलीकडे या गोष्टीला अर्थ नाही असे म्हणता येईल. परंतु या टोकाच्या आसपासच, दक्षिणेस महाबळिपुर आणि नैर्ऋत्येस कांची अशा दिवसाभरात जाऊन येण्याजोग्या टापूत, एकाच रचनेत दोन अर्थ भरण्याची कला बाराशे वर्षांहून अधिक काळ दगडात आणि भाषेत घडत आलेली आहे. हंस-हत्तींची परीक्षा घेण्यास याहून जाणकार परिसर मिळणे कठीण.

महाबळिपुरचा प्रचंड शिलापट हे त्यातील सर्वांत मोठे उदाहरण होय. सुमारे २९ मीटर लांब व १३ मीटर उंच अशा उघड्या खडकावर सातव्या शतकात पल्लवांच्या राजवटीत तो कोरला गेला. मध्ये खडकाला पडलेली नैसर्गिक भेग. भेगेत वर चढणारे नाग. दोन्ही बाजूंनी तिच्याकडे लोटणारी देव, गंधर्व, सिद्ध, पशू यांची दाटी. उजवीकडे पिलांसह उभे असलेले भव्य हत्ती. भेगेच्या डाव्या बाजूला एक कृश तपस्वी एका पायावर उभा असून त्याचे हात डोक्यावर उंचावलेले आहेत. शेजारी चतुर्भुज शंकर वर देत आहे. हा तपस्वी कोण? पाशुपतास्त्रासाठी तप करणारा अर्जुन, असे एक उत्तर. १९१४ साली व्हिक्टर गोलुबेव्ह याने भेगेकडे बोट दाखवून दुसरे उत्तर दिले: तो भगीरथ आहे आणि भेग ही उतरणारी गंगा. दोन्ही पक्षांनी पुढे अर्धशतकाहून अधिक काळ एकमेकांचे पुरावे खोडून काढले. अलीकडील अभ्यासकांनी, विशेषतः पद्मा कैमल यांनी १९९४ साली आणि मायकेल रेब यांनी २००१ साली, या वादाची दिशाच बदलली. शिल्पकाराला दोन्ही अर्थ अभिप्रेत होते; पटाची मांडणीच द्व्यर्थी आहे; वाद हा पटाविषयीच्या अज्ञानातून निघालेला नसून पटातूनच निघालेला आहे.

हे मत स्वीकारण्यास जो संकोच वाटतो तो पल्लवांच्या कांचीत कोणते वाङ्मय घडत होते हे पाहिले म्हणजे मावळतो. दंडी याच कांचीचा. ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात यमक, चित्रबंध आणि प्रहेलिका यांचा त्याने जो विस्तार केला आहे तो अनेक आधुनिक वाचकांना कंटाळवाणा वाटतो. परंतु एकाच शब्दावलीत रामायण व महाभारत या दोन्ही कथा सांगणारे ‘द्विसंधान’ काव्य दंडीने लिहिले होते, अशी साक्ष भोजाच्या ‘शृंगारप्रकाशा’त आहे. ते काव्य नष्ट झाले. भोजाच्या त्या अवाढव्य ग्रंथाचे हस्तलिखित मद्रासच्या शासकीय हस्तलिखित ग्रंथालयात होते, आणि त्याचा आमूलाग्र अभ्यास मद्रास विद्यापीठातील डॉ. वे. राघवन यांनी केला. ‘अवंतिसुंदरी’ या गद्यकथेत तर दंडी स्वतः महाबळिपुरला समुद्रकाठच्या विष्णुमूर्तीचा सांधलेला हात पाहण्यासाठी जातो; सांधा कोठे आहे हे कोणाला ओळखता येऊ नये, असे ते काम होते. त्याच कथेने भारवीलाही दंडीच्या पूर्वजांशी जोडले आहे. भारवीचे ‘किरातार्जुनीय’ म्हणजे अर्जुनाच्या याच तपाचे काव्य. आणि त्याच्या पंधराव्या सर्गात दोन्ही टोकांकडून सारखेच वाचले जाणारे चरण आहेत, केवळ ‘न’ या एका व्यंजनावर रचलेला श्लोकही आहे. ज्या नगरीत भाषेचे असे सांधे जुळविणे हा प्रतिष्ठेचा उद्योग होता, तेथील पाथरवटाला दोन कथांचा एक सांधा सुचला नसेल असे मानणेच अवघड आहे.

आणखी हजार वर्षांनी, सतराव्या शतकात, कांचीजवळच्याच वेंकटाध्वरी कवीने ‘यादवराघवीय’ रचले. तीस श्लोकांचे हे काव्य डावीकडून वाचले तर रामकथा आणि प्रत्येक श्लोक अक्षराक्षराने उलटा वाचला तर कृष्णाची पारिजातहरणकथा. दालीच्या हंसाला उलटे केले की हत्ती. येथे रामाला उलटे केले की कृष्ण. याच कवीच्या ‘विश्वगुणादर्शचंपू’त कृशानु व विश्वावसु हे दोन गंधर्व विमानात बसून भारतवर्षावरून जातात. एकाला खाली फक्त दोष दिसतात, दुसऱ्याला फक्त गुण. महाराष्ट्रावरून जातानाही त्यांचा मतभेद होतो, आणि नुकत्याच वसलेल्या चेन्नपट्टणावरून जाताना तेथील इंग्रजांना उद्देशूनही. कवी त्यांना ‘हूण’ म्हणतो. एकच भूमी, दोन दर्शने. विमानातील पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी द्व्यर्थी वस्तू करण्याची कल्पना एअर इंडियाच्या आधी तीनशे वर्षे येथील एका कवीला सुचली होती, असे विनोदाने म्हणता येईल.

येथवर आल्यावर ‘हे सारे आपल्याकडे पूर्वीच होते’ हा पक्ष हर्षभरित होईल. त्याने जरा थांबावे. द्व्यर्थ आणि द्व्यर्थ यांत भेद आहेत, आणि ते भेद पारखण्याची साधने याच परंपरेने तयार करून ठेवली आहेत.

श्लेषाविषयी मम्मटाने एक सोपी कसोटी दिली आहे. ज्या ठिकाणी शब्दाऐवजी त्याचा पर्याय घातला असता अलंकार नाहीसा होतो तो शब्दाचा अलंकार. पर्याय घालूनही टिकतो तो अर्थाचा. ही कसोटी चित्राला लावून पाहावी. दालीच्या चित्रात हंसाऐवजी आखूड मानेचे बदक घातले तर खाली हत्ती उरत नाही. सोंडच नाहीशी होते. म्हणजे दालीची द्विप्रतिमा हा शब्दश्लेष आहे. त्याचा अर्थ आकृतीच्या नेमक्या वळणाला बांधलेला आहे. महाबळिपुरात तपस्व्याचे हात थोडे कमी उंच असते, नाग एखादा कमी असता, तरी दोन्ही कथा तशाच वाचता आल्या असत्या. तो अर्थश्लेष होय. ब्रशाच्या एका चुकीने दालीचे चित्र कोसळेल. शिलापट मात्र शतकांची झीज सोसूनही दोन्ही अर्थ सांगतो.

रुय्यकाने यापुढे जाऊन दोन दृष्टांत दिले आहेत. शब्द फोडावा लागत नाही असा अभंग श्लेष म्हणजे एका देठाला लागलेली दोन फळे. शब्द निराळ्या ठिकाणी फोडल्यावरच दुसरा अर्थ निघतो असा सभंग श्लेष म्हणजे लाकडाला चिकटलेली लाख. कुंभकोणमजवळ दारासुरम येथे चोळ राजा दुसरा राजराज याने बाराव्या शतकात बांधलेल्या ऐरावतेश्वराच्या मंदिरात वृषभकुंजराचे शिल्प आहे. बैल आणि हत्ती समोरासमोर उभे असून दोघांना मिळून एकच मस्तक आहे. बैलाचे अंग तळहाताने झाकले की हत्ती दिसतो, हत्तीचे झाकले की बैल. मंदिर दाखविणारे आजही तसेच करून दाखवितात. मस्तक जसेच्या तसे राहते, कोठे फोडावे लागत नाही. एक देठ, दोन फळे. दालीच्या चित्रात असे घडत नाही. पाण्याच्या वर हंस आणि झाड हे दोन निराळे पदार्थ आहेत, त्यांच्यामध्ये अंतर आहे, एक जवळ आहे व एक मागे. पाण्याखाली ते अंतर पुसले जाते आणि दोन पदार्थांचा मिळून एक हत्ती होतो. वर जेथे पदच्छेद होता तेथे खाली संधी झाला. हा सभंग श्लेष आहे, आणि दारासुरमच्या शिल्पाचे त्याच्याशी असलेले साम्य पहिल्या दृष्टिक्षेपात वाटते त्यापेक्षा बरेच कमी आहे. हत्ती दोन्हींकडे आहे म्हणून दोन्हींना एक म्हणणे ही प्राणिशास्त्राची तुलना झाली, कलेची नव्हे.

यापेक्षाही खोल भेद अर्थ कोणाचा यासंबंधीचा आहे. श्लेष ही सामाजिक वस्तू आहे. कोश, व्याकरण आणि दोन्ही कथा ज्याला ठाऊक आहेत अशा सहृदयासाठी ती रचलेली असते, आणि तिचे दोन्ही अर्थ सर्वांच्या मालकीचे असतात. राम आणि कृष्ण कोणा एका कवीचे खाजगी ध्यास नव्हेत. दालीचा हत्ती मात्र पाण्यात आहे तो दालीच्या विभ्रमामुळे; हंसांना वा तळ्याला त्याची गरज नाही. म्हणूनच त्या चित्रात एक प्रकारचे भय आहे, जे वृषभकुंजरात नाही. बैल हत्ती झाला तरी जग सुरक्षित राहते; हंस हत्ती होऊ लागला की कशावर विसंबावे, असा प्रश्न उभा राहतो. हंस हा आपल्या परंपरेत नीरक्षीरविवेकाचा पक्षी. दालीला त्याची वार्ताही नसेल. परंतु भारतीय प्रेक्षकाला त्या तळ्यात विवेकाचेच पाय जड झालेले दिसतात, आणि हा अर्थ चित्रात अनाठायी वाटत नाही.

या ठिकाणी मर्ढेकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात त्यांनी संवादलय, विरोधलय व समतोललय ही सौंदर्याची तत्त्वे सांगितली, आणि चित्रासारख्या कलेत ती केवळ रंग, रेषा, आकार यांच्या संवेदनांच्या परस्परसंबंधांत पाहिली. चित्र कशाचे आहे याला त्यांच्या सौंदर्यशास्त्रात स्थान नाही. द्विप्रतिमा ही या सिद्धांतापुढची फार बिकट अडचण आहे. त्याच रेषा, तेच रंग, तीच लय. एकाही संवेदनेत फरक न पडता हंसाचा हत्ती होतो आणि अनुभव समूळ बदलतो. हा बदल सौंदर्यबाह्य म्हणावा तर चित्रात उरते ते एक बऱ्यापैकी निसर्गदृश्य. सौंदर्यातच धरावा तर अर्थाला आत घ्यावे लागते. मर्ढेकरांच्या सिद्धांतावरील आक्षेप बहुधा साहित्यातून घेतले गेले. ते जेथे सर्वांत निर्धास्त होते त्या दृश्य कलेतूनच हा घ्यावा लागतो.

मराठी समीक्षेची दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. वामनपंडिताला ‘यमक्या’ म्हणून हिणविले गेले. ओष्ठ्य वर्ण संपूर्णपणे टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचणाऱ्या मोरोपंतांना शब्दांचे कसरतपटू ठरविले गेले. आनंदवर्धनाने चित्रकाव्याला काव्याची नक्कल म्हटले आणि मम्मटाने त्याला खालची पायरी दिली, याचा आधार या निवाड्याला होता. तो निवाडा बरोबर असेल किंवा नसेल. पण ज्या लेखण्यांनी तो दिला त्याच परंपरेतील लेखण्या दालीच्या द्विप्रतिमेपुढे ‘अबोध मनाचा आविष्कार’ म्हणून नतमस्तक होताना दिसतात, हे कसे? एकाच जातीच्या करामतीला पंडिताच्या घरी कसरत आणि परदेशी चित्रकाराच्या घरी प्रतिभा म्हणावयाचे, तर त्यामागे कसोटी हवी. यिगाल ब्रॉनर यांनी २०१० साली श्लेषकाव्याचा इतिहास लिहून ही केवळ ऱ्हासकाळातील कसरत नसून शतकानुशतके चाललेली जाणती चळवळ होती असे दाखविल्यावर तरी हा दुजाभाव चालू ठेवणे अवघड झाले आहे.

कसोटी हवीच असेल तर ती अशी घेता येईल: दुसरा अर्थ कळल्यावर पहिला पूर्वीसारखा राहतो की नाही? राहत असेल तर ती प्रहेलिका. राहत नसेल तर तेथे काव्य आहे. रामकथेचा श्लोक उलटा वाचून कृष्णकथा निघाली तरी रामकथेत फारसे काही हालत नाही. विस्मय वाटतो तो कवीच्या सामर्थ्याचा. मोरोपंतांच्या निरोष्ठ रचनेचेही तसेच. दालीच्या चित्रात हत्ती एकदा दिसल्यानंतर वरचे हंस पुन्हा नुसते हंस होत नाहीत. त्यांच्या मानेच्या वळणात ओझे आल्यासारखे वाटते. पंडितांविषयी अन्याय होतो तो कसोटी कडक लावल्यामुळे नव्हे. एकाला लावून दुसऱ्याला न लावल्यामुळे होतो. दालीच्या पुष्कळशा चित्रांना ती लावली तर तीही वामनपंडिताच्या पंक्तीस जाऊन बसतील.

आता रक्षापात्राकडे वळता येते. चित्रात वर आणि खाली यांच्यामध्ये पाणी आहे. दृष्टीला ते ओलांडावे लागते, आणि ओलांडताना क्षणभर वेळ जातो. हंस आणि हत्ती एकाच वेळी दिसतात तरी एकाच वेळी कळत नाहीत. तो क्षण हाच चित्राचा प्राण होय. रक्षापात्रात पाणी नाही. त्याची जागा प्रवाशाच्या हाताने घेतली: पात्र उचलायचे आणि उलटे करायचे. (राख आधी झाडून टाकायची, हे ओघानेच आले.) दृष्टीचा व्यापार हाताचा झाला, विभ्रमाची युक्ती झाली, आणि भय पूर्णपणे गेले. झाडही गेले, हंस एकटाच हत्ती होऊ लागला, म्हणजे सभंगाचा अभंग झाला. आश्चर्य असे की, भारतासाठी म्हणून केलेल्या या वस्तूत दालीची प्रतिमा चित्रापेक्षा दारासुरमच्या अधिक जवळ आली. त्याने ते शिल्प पाहिले होते असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. घडले ते माध्यमामुळे: हातात धरण्याच्या वस्तूला मधले पाणी परवडत नाही.

ही अधोगती म्हणावी काय? ब्रतोंने तसेच म्हटले असते. दंडीने म्हटले नसते. प्रहेलिकांचा उपयोग काय, या प्रश्नाला ‘काव्यादर्शा’त सरळ उत्तर आहे: क्रीडागोष्ठीतील विनोदासाठी, चारचौघांत जाणत्यांच्या गुप्त संभाषणासाठी, आणि दुसऱ्याला कोड्यात टाकण्यासाठी. दंडी प्रहेलिकेला महाकाव्याच्या शेजारी बसवीत नाही आणि दारातून हाकलूनही देत नाही. लांब प्रवासात, जेवण झाल्यावर, शेजारच्या अनोळखी प्रवाशाला पात्र उलटे करून दाखविणे ही क्रीडागोष्ठीच आहे. दोष द्यावयाचा तर अन्य गोष्टीला द्यावा लागेल. वृषभकुंजर कोणी घडविला हे कोणालाही ठाऊक नाही आणि ठाऊक नसल्याने त्यातील गंमत तसूभरही कमी होत नाही. दारात बसलेले पोरही तळहात आडवा धरून ते पाहू शकते. रक्षापात्राची किंमत मात्र ते दालीचे आहे यातच साठलेली आहे. विमानात धूम्रपान बंद झाल्यावर त्याचा उपयोग संपला. ती पात्रे आता लिलावांत व संग्रहांत दिसतात. तेथे ती काचेआड असतात, आणि काचेआडच्या पात्रातील हंसाला कोणी उलटे करीत नाही. कोडे घालणाऱ्याचे नाव उरले, कोडे गेले.

महाबळिपुरच्या शिलापटात, हत्तींच्या पायांशी, एक मांजर मागच्या पायांवर उभे असून त्याने पुढचे पाय वरच्या तपस्व्याप्रमाणे डोक्यावर उंचावले आहेत. भोवती उंदीर जमले आहेत. अर्जुन की भगीरथ, या वादात मग्न असलेल्या विद्वानांना ते बहुधा शेवटी दिसते; सहलीला आलेल्या मुलांना पहिल्यांदा. पल्लवांच्या शिल्पकाराने आपल्या महान विषयाचे विडंबन करण्याचे काम पुढच्या पिढ्यांच्या दुकानदारांवर सोपविले नाही. ते त्याच खडकावर, त्याच छिन्नीने करून ठेवले. दालीच्या तळ्याकाठी मांजर नाही. तेथे आहे तो डावीकडचा मनुष्य, आणि तो अजूनही दुसरीकडेच पाहत आहे.